गुणाजींनी न पाहिलेले ब्रेक

लालबागला एका चाळीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गुणाजी परबांचं गॅरेज होतं. आधी ते गिरणीत फिटर होते, मग मोटारींकडे वळले. पन्नाशी उलटली तसं त्यांना जवळचं दिसेनासं झालं. मेकॅनिकच्या नाकावर चष्मा आला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. बायको कमललाही त्यांनी पत्ता लागू दिला नाही. संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं चाळीत आली की हात काळे आहेत म्हणून तिच्याकडून वाचून घ्यायचे.

दादरचे वकील रघुवीर देसाई यांची मॉरिस गाडी दुरुस्तीला त्यांच्याकडेच यायची. शिवाजी पार्कच्या सभेला देसाई आईला घेऊन जाणार होते. ब्रेकचं पेडल खाली जातंय, मागचे ड्रम उघडून बघा, असं सांगून त्यांनी गाडी ठेवली.

गुणाजींनी पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागची बाजू जॅकवर चढवली, चाकं काढली, हँडब्रेक सोडला आणि लाकडी हातोडीने ठोकत ड्रम उतरवले. काळी भुकटी ओल्या फडक्याने पुसली. ड्रमला आतून घासणाऱ्या शूंच्या लायनिंगवर अंगठा फिरवला, जाडी पुरेशी होती. राहिला तेलाच्या दाबाने शू ढकलणारा व्हील सिलिंडर. त्याची रबरी टोपी उचलून ब्रेक ऑइल झिरपतंय का ते बघायचं असतं. ते वाकले, पण सगळं धुरकट दिसत होतं, आणि बोटं आधीच ओशट असल्याने चाचपूनही कळेना. तेवढ्यात कमल जेवायला बोलवायला आली. तिला बघायला सांगावंसं वाटलं, पण ‘आलोच’ म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं. त्यांनी तसेच ड्रम चढवले, शू आवळले. पेडल वर आलं. देसाईंना म्हणाले, सगळं बघितलंय.

सभेला जाताना टिळक पुलाच्या उतारावर पेडल थेट खाली गेलं. देसाईंनी हँडब्रेक ओढला, पण तेलाने भिजलेले शू नीट धरेनात. उताराच्या पायथ्याशी अंबिका नावाची फुलवाली बसायची. गाडी तिच्या टोपल्यांवर गेली आणि बाजूला होता होता अंबिका पडली. मनगट मोडलं. देसाई आणि त्यांची आई सुखरूप होते; देसाईंनीच तिला इस्पितळात नेलं.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. देसाईंच्या समोरच गुणाजींनी डावा ड्रम काढला. आत तेल थबथबलेलं होतं. आता ते दिसायला डोळे लागत नव्हते. देसाई म्हणाले, तुम्ही घातलेला नवा भाग खराब निघाला असेल, होतं असं. ‘हो’ म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

“नवा भाग घातलाच नव्हता, साहेब,” गुणाजी म्हणाले. “मला जवळचं दिसत नाही. मी बघितलं म्हणालो, ते खोटं होतं.”

देसाईंनी वाकून ड्रममधलं तेल पाहिलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, “आणखी कुणाकुणाच्या गाड्या अशा केल्यात?”

हे गुणाजींच्या मनातही आलं नव्हतं. कमल दारात उभी राहून ऐकत होती. तिच्याकडे त्यांना बघवेना.

ते गिऱ्हाइकांच्या दारोदार गेले. प्रत्येक ठिकाणी तेच सांगायचं आणि गाडी पुन्हा तपासायला मागायची. काहींनी पुन्हा त्यांना हात लावू दिला नाही. ज्यांनी आणल्या त्यांचे ड्रम गुणाजी काढत आणि कमल शेजारी बसून, टोपी उचलून बघे. चाळीतल्या बाया येता-जाता पदर तोंडाला लावून हसत. “हय ओला हा,” ओल्या जागेवर बोट ठेवून ती हळूच म्हणे, आणि ते मान खाली घालून तो सिलिंडर बदलत. चष्मा तिनेच करून आणला.

अंबिकाला भेटायला ते उशिराच गेले. ती पुलाच्या पायथ्याशी एका हाताने फुलं ओवत होती, हाराचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधलेलं. गुणाजींनी आपण कोण ते सांगितलं. तिने वर पाहिलं.

“मग आता काय बघायला आलात?” ती म्हणाली आणि पुन्हा फुलांकडे वळली.

ते तिथे थोडा वेळ उभे राहिले. मागचं गिऱ्हाईक बाजूला व्हा म्हणालं, तेव्हा बाजूला झाले.