समज देऊन सोडले नाही

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या सरकारी दवाखान्यातील समुपदेशक ताईंचा. नाव छापलेले त्यांना आवडणार नाही. मी नातेपुत्याला शिकलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. पदवीने फौजदारकी दिली, पण माणसाला प्रश्न कसा विचारावा हे ताईंनी शिकवले. तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे.

दुपारी एक रिक्षावाला ठाण्यात आला. टेबलावर मनगटी घड्याळ ठेवून म्हणाला, "साहेब, जुळे सोलापुरातनं गिऱ्हाईक आणून बागंपाशी सोडलं. भाडं दिलं, वर हे बी दिलं. म्हणला, ठेव, मला आता लागायचं न्हाय. लई गोड बोलला की. तेच बरं वाटंना."

त्याच्याच रिक्षातून गेलो. माणूस बागेतल्या बाकावर बसलेला होता. खासगी कचेरीत कारकून. ठाण्यात आणून बायकोला बोलावले. ती येताच रडू लागली, "ह्यांना काही झालं तर मीपण जगणार नाही!"

तो मात्र शांत. "कामाचा ताण होता साहेब, आता बरं वाटतंय." हसला, चहाही घेतला.

अशा वेळी आमची रीत ठरलेली. 'पोराबाळांकडे बघा' अशी समज द्यायची, डायरीत नोंद करायची आणि नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचे. ताईंना मी बोलावले होते ते त्याच्या रडणाऱ्या बायकोसाठी.

ताईंनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "मरून जावं असं वाटतंय का?"

मी दचकलो. "ताई, असं विचारतात का! नसलेलं डोक्यात भरवाल."

"विचारल्यानं भरत नाही, साहेब. थांबा जरा."

त्याने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "हो. आजच." आणि पहिल्यांदा रडला.

तोच प्रश्न ताईंनी बायकोलाही विचारला. ती घाबरून म्हणाली, "नाही हो, भीतीनं बोलून गेले."

ताईंनी मला आणि हवालदारांना बाहेर नेले. "रडण्याच्या आवाजावरनं ठरवायचं नाही. वहिनींशी आठवड्यातून एकदा बोलू, लागलं तर वाढवू. यांना मात्र आज नुसत्या बोलण्यावर सोडायचं नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे दाखल करायचं, सोबत माणूस ठेवायचा, आणि रोज बोलायचं."

हवालदार म्हणाले, "जन्मभर रोज?"

"ताप उतरला की गोळी कमी करतो ना, तसं."

आणि तसेच झाले. रोजचे बोलणे आठवड्यावर आले, मग महिन्यावर, मग नुसत्या फोनवर. आमच्या ठाण्यातही तेव्हापासून रीत बदलली: आधी प्रश्न, आणि उत्तर पुरते ऐकून घेतल्याशिवाय कोणाला घरी पाठवायचे नाही. शांत माणूस म्हणजे सावरलेला माणूस, हा समज मी नोकरीतच सोडून आलो.

परवा ताईंना पत्र पाठवले, तेच इथे देतो.

"आदरणीय ताई, सा. न.
काल भाजी बाजारात आपले कारकूनसाहेब भेटले. बायको मेथीचा भाव पाडत होती, हे पिशवी धरून उभे. मला म्हणाले, 'साहेब, चला, उशीर होतोय', आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिले. तेच घड्याळ. रिक्षावाल्याने तेव्हाच परत केलेले.
निवृत्तीनंतर घर खायला उठते असे मी म्हणालो, तेव्हा तुम्ही मलाही तोच प्रश्न विचारला होता. मी मनापासून 'नाही' म्हणालो. मग तुम्ही म्हणालात, 'तुम्हाला गुरुवारचा चहा पुरे.' खरंच पुरतो. या गुरुवारी येतोच.
आपला, फौजदार"