गाडीत भरलेला कापूस

निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या ओट्यावर बसतात. मी शाळेची भंगारात निघालेली मिनीबस विकत घेतली आणि गावी, सोनाळ्यात, अंगणात आणून उभी केली. मला तिचं चाकांवरचं घर करायचं होतं, कारण बायकोनं आयुष्यात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती. तिचा सगळा प्रवास लग्नांचा, नाहीतर मयतीचा. पोचली की पदर खोचून कुणाच्या तरी चुलीपुढं. एकदा म्हणाली, "जिथं आपलं कोनीच नाही, अशा एखाद्या गावाले न्या मले. दोन दिवस नुसती बसून राहीन."

गाडी मी स्वतःच्या हातानं बांधली, हे अजूनही छाती काढून सांगतो. ऐकणारे गाडीकडं पाहतात आणि विषय बदलतात. सिटा उपटल्या, प्लायवूडची खाट ठोकली, टपावर पाण्याची टाकी चढवली. पहिल्याच वळणावर टाकीचं झाकण उडालं आणि स्टिअरिंग धरल्या धरल्या माझी आंघोळ झाली. गॅसची शेगडी अशी बसवली की रांधणाऱ्यानं गुडघे टेकलेच पाहिजेत. वेल्डिंगवाले चाचा म्हणाले, "गुरुजी, वहिनी इथं सैपाक करतीन का नमाज पढतीन?"

"मी कायले करू सैपाक?" बायको म्हणाली. "हे करतीन."

दिवाळीपर्यंत गाडी तयार झाली. तिनं जुन्या लुगड्याचे पडदे शिवून लावले, कपड्यांची पिशवी भरून खाटेवर ठेवली. आणि कापसाचा वेचा आला. आमच्याकडं वेचलेला कापूस घरातच भरतात आणि भाव चढेपर्यंत माणसं त्याच्या कडेकडेनं राहतात. त्या साली पुढची खोली भरली, मधली भरली, तरी कापूस उरला. माझी नजर गाडीवर गेली. कोरडी, बंद, वर कुलूप.

"आठ दिवस फक्त," मी म्हणालो.

"अन् आपन?"

"भाव चढला की निघू."

ती गाडीत चढली. पिशवी उचलून घरात घेऊन आली.

माझं काही अडलं होतं असं नाही. पेन्शन वेळेवर येत होती. नुसती हाव होती आणि तिला मी हुशारी म्हणत होतो.

भाव चढेना. जाणारे-येणारे विचारायचे, "गुरुजी, घर बांधलं अन् भाडेकरू ठेवला काय जी?" मीही हसायचो. संक्रांत झाली. तिचे पाय सुजायला लागले. उभं राहून राहून सुजले, असं ती म्हणाली आणि मला ते पटवून घ्यायला सोपं गेलं. शिमग्याच्या आधी ती मोरीत चक्कर येऊन पडली. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा मशीनवर आणावं लागेल, गावाबिवाला जाणं आता विसरा.

ती बाहेर बाकावर होती. मी विचारलं, "दिवाळीत दोन दिवसांचा प्रवास झेपला असता का तिला?"

"तेव्हा झेपला असता," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कापूस काढायला लावला. भाव विचारला नाही. खाटेच्या सांध्यात, पडद्यांच्या शिवणीत अजून सरकी सापडते.

आता गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. घाट चढून बुलढाणा, संध्याकाळी परत. मशीनवरून उतरल्यावर बायकोच्या अंगात बसायचंही त्राण नसतं, म्हणून दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली गाडी लावतो आणि ती तासभर पडून राहते. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलंय. चहा अर्धा कप.

परवा चहा होईपर्यंत ती खिडकीतून बाहेर पाहत होती. कोणाच्या तरी डब्याची वाट पाहणारी माणसं, चपला, पार्किंगवाला. म्हणाली, "इथंबी आपलं कोनी नाही. पाहा, झालं की मंग."

माझा जीव हलका व्हावा म्हणून म्हणाली, हे मला कळलं. चहा गाळून झाला होता, तरी मी गाळणी कपावर धरून शेगडीपुढं गुडघ्यांवरच होतो.

"द्या आता," ती म्हणाली. "थंडा होऊन राह्यला."