हाउगेच्या रानात मचाण

माझी थोरली बहीण आर्डिस शाळेची बस चालवते. पोरं फार दंगा करू लागली तर ओरडत नाही, नुसती आरशात बघते. बाराव्या वर्षी वडिलांनी तिच्या हातात बंदूक दिली, तेव्हापासून तिचा एकही नोव्हेंबर शिकारीशिवाय गेला नाही. पण आमचं रान चाळीस एकरांचं, नावापुरतं. हरणं राहायची कुंपणापलीकडे, म्हाताऱ्या हाउगेच्या टेकड्यांत. कुणा शहरी शिकाऱ्यानं त्याची दुभती गाय हरीण समजून पाडली, तेव्हापासून त्यानं रान बंद केलं ते मरेपर्यंत.

गेल्या उन्हाळ्यात तो वारला. सप्टेंबरात त्याच्या बायकोनं, बोर्घिल्डनं, आर्डिसला बोलावून घेतलं.

कॉफी ओतता ओतता ती म्हणाली, "हरणांनी माझी सफरचंदाची झाडं सोलून खाल्लीत. तू ये शिकारीला."

"मी? तुम्हाला तर गावातले कितीतरी जण विचारत असतील."

"विचारतात ना. केक घेऊन येतात मेले! तुझं जखमी हरीण आमच्या हद्दीत येऊन पडलं होतं, आठवतं? समोर दिसत होतं, तरी तू कुंपण ओलांडलं नाहीस. दोन मैलांचा वळसा घालून विचारायला आलीस. यांनी नाही म्हटलं, तशी मुकाट परत गेलीस. मी खिडकीतून बघत होते. आजवर मनाला लागून राहिलंय."

आर्डिसनं कॉफी संपवली.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही दोघं जागा हेरायला आत शिरलो. पहिल्याच घळीत हरणांच्या तीन वाटा एका जुन्या ओकखाली मिळत होत्या. फळांचा सडा पडलेला, शेजारच्या झाडाची साल शिंगांनी घासून काढलेली.

"इथंच!" मी म्हणालो. "डोळे मिटून गोळी झाडली तरी हरीण पडेल."

"डोळे मिटूनच झाडतोस तू, व्हर्लिन." तिनं खिशातून रुईच्या जातीचं एक बोंड काढलं आणि त्यातली एक कापसाळ म्हातारी हवेत सोडली. ती खाली गेली, गिरकी घेऊन माघारी फिरली आणि माझ्याच दाढीत अडकली. "बघ. वारा इथं गोल फिरतो. तू वर चढायच्या आत अख्ख्या डोंगराला तुझ्या न्याहारीतला कांदा कळेल."

मग आम्ही एक वाट धरून वर चढलो. वर वर ती खोल होत गेली. चुनखडीचा दगड खुरांनी झिजून गुडघाभर चर पडला होता. खिंडीत पोचलो आणि आर्डिसनं माझी बाही धरली.

खाली वाटीसारखा खोलगा होता. मधोमध जिवंत झरा, भोवती गवतात हरणांच्या बैठका. आम्हाला बघून एकेक हरीण उठून उभं राहिलं. पळालं कुणीच नाही. माणूस म्हणजे काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आर्डिसनं टोपी काढली. का कोण जाणे, मीही काढली.

"आपला आजा नॉर्वेहून बोटीत बसला, त्याच्या कितीतरी आधीपासून या वाटेनं चालताहेत ही," ती कुजबुजली. आम्ही पावलं न वाजवता मागं सरलो.

"त्या खोलग्यात मचाण नाही," उतरताना ती म्हणाली. "पाऊलसुद्धा नाही."

"अगं, पण हरणं तर तिथंच आहेत!"

"म्हणूनच. कुणाच्या झोपायच्या खोलीत बंदूक घेऊन बसतात का?"

दोन आठवडे ती बसची फेरी संपवून रोज रानात जायची, वारा बघायला म्हाताऱ्या उडवायची. शेवटी दोनच जागा ठरल्या. एक खिंडीच्या पूर्व अंगाला, पश्चिमेचा वारा असला की माणसाचा वास हरणांपासून दूर, दरीत उतरून जाईल अशी, दुसरी सफरचंदांपाशी. खिळा एकही ठोकला नाही, मचाणं पट्ट्यांनी बांधली.

मोसमाच्या पहिल्या सकाळी ती खिंडीत बसली, मी सफरचंदांपाशी. उजाडलं. आठ वाजले. खिंडीतून आवाज नाही. साडेनऊला एकच गोळी वाजली. गेलो तर एक मादी जागीच पडलेली, आणि आर्डिस झाडाखाली बसलेली.

"एवढा वेळ काय करत होतीस?"

"हरणं मोजत होते. सत्तेचाळीसपर्यंत मोजली, मग सोडून दिलं. एक नर होता, व्हर्लिन. अगदी खालून गेला. त्याच्या श्वासाची वाफ माझ्या बुटांपर्यंत आली. बंदूक मांडीवर आहे, हे तो गेल्यावर आठवलं मला."

हरीण ओढत खाली आणताना मी विचारलं, "पुढच्या वर्षी तोच नर आला तर?"

"तर मारीन," ती म्हणाली. दहा पावलं चालल्यावर पुन्हा म्हणाली, "बंदूक उचलायला हात उठला तर."