दोन सिकंदर

आज हुफूफच्या बाजारात गोणपाटाचा वास आला आणि मला रियाधमधलं अल सुलैचं जुनं गोदाम आठवलं. तिथे आम्ही दोघे भाऊ कामाला होतो. एकदा माझा थोरला भाऊ सिकंदर तापाने फणफणला होता, म्हणून त्याने मुकादमाकडे सुट्टी मागितली.

"नाव सिकंदर आणि तापाला घाबरतोस?" मुकादम हसला.

"तो सिकंदर बादशहाही तापानेच मेला!" मी ओरडलो. "आणि आमच्या अब्बांनी हे नाव ठेवलं ते त्याच्यावरून नाही. त्याच नावाचा एक ग्रीक हकीम होऊन गेला, त्याच्यावरून. यल्ला भाई, दवाखान्यात चल."

भाई बरा झाला. मुकादमाला मी केव्हाच विसरलो असतो. पण नोकरी जाईल या भीतीने भाईही त्या विनोदावर हसला होता. ते हसू आठवलं की आजही माझ्या मुठी आवळतात.