बावीस, बत्तीस आणि अर्धा किलो

सुभेदार खुर्चीत नेहमी डावीकडे कलून बसत. उजव्या कमरेला रिव्हॉल्व्हर असे, ते टोचू नये म्हणून. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. त्या दिवसांतही ते तसेच कलून बसत. गिरगावातल्या आमच्या चाळीला निवडणूक लागल्याचं आधी त्यांच्या सैल पट्ट्यावरून कळायचं, उमेदवारांचे हात जोडलेले फलक नंतर लागायचे.

फौजेतून निवृत्त झाल्यावर ते एका सराफाचे अंगरक्षक झाले. इतक्या वर्षांत एकदाही गोळी झाडली नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणत, "न झाडण्याचाच पगार होता."

परवान्याचं हत्यार कुठलं घ्यावं, हे विचारायला आसपासचे दुकानदार त्यांच्याकडे येत. मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेले थेट नऊ एमएम पिस्तुलावर घसरत. "ती फौज-पोलिसांची, आपल्याला मिळत नाही. चहा प्या," म्हणून सुभेदार तो विषय मिटवत. मग उरे बावीस बोअरचं रिव्हॉल्व्हर की बत्तीसचं. "बावीसला झटका कमी, नेम सोपा, पण अंगावर आलेला माणूस थांबेलच असं नाही. बत्तीसचा भरवसा जास्त, सरावही जास्त लागतो." एवढं सांगून ते कपाटातून अर्ध्या किलोचं लोखंडी वजन काढत आणि चेनच्या पाऊचमध्ये घालून समोरच्याच्या हाती देत. "महिनाभर हे कमरेला लावा. दुकानात, बाजारात, भांडणातसुद्धा. मग बोअर ठरवू." बरेच जण अपमान झाल्यासारखे उठून जात. रुबाब विकत घ्यायला आलेल्या माणसाला किराणा दुकानातलं वजन पचत नाही.

माझ्या थोरल्या भावाची, दादाची, सोन्याचांदीची लहानशी पेढी आहे. शेजारच्या गल्लीत दुकान फुटलं आणि त्याने रिव्हॉल्व्हर घ्यायचं मनावर घेतलं. दादा तापट. भाव करणाऱ्या गिऱ्हाइकासमोर त्याने एकदा कॅल्क्युलेटर भिंतीवर फेकला होता. वहिनी सुभेदारांना म्हणाली, "मला चोरांची भीती नाही हो, ह्यांची आहे." सुभेदारांनी मान डोलावली आणि दादाला वजन दिलं.

दादाने ते इमानाने बांधलं. जेवतानासुद्धा. पोट सुटल्यासारखं दिसे, पण चालण्यात ऐट आली होती. अशात एका दुपारी दुकानाच्या दारातच एका पोराने स्कूटर लावली. दादाने हटकलं. तो पोरगा म्हणाला, "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का रे?" आमचे वडील नुकतेच गेले होते. दादाचा हात कमरेवर गेला आणि पाऊचची चेन उघडून आत शिरला. बोटांना गार लोखंड लागलं तेव्हा तो भानावर आला. पोरगा केव्हाच निघून गेला होता.

दादा तसाच दुकान माझ्यावर टाकून सुभेदारांकडे गेला. बराच वेळ झाला तशी मीही शटर ओढून मागोमाग गेलो. दोघं समोरासमोर बसले होते, मध्ये टेबलावर ते वजन.

"हात गेला?" सुभेदारांनी विचारलं.

"गेला."

"माझाही जायचा, सुरुवातीला. परत आणायला वर्षं लागली, शेठ. बोला, बावीस की बत्तीस?"

"दुकानाला चांगलं ग्रिल लावतो," दादा म्हणाला.

सुभेदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि वजन कपाटात ठेवून दिलं. कमरेला बांधून नेलेलं वजन कुणी परत आणून दिलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

गेल्या निवडणुकीत सुभेदारांनी रिव्हॉल्व्हर जमा केलं ते परत आणलंच नाही. कारण विचारलं तर थरथरता हात पुढे करून म्हणाले, "आता हा माझं ऐकत नाही. ह्याच्या भरवशावर कसं ठेवू?" पुढे काही महिन्यांत ते गेले. अखेरपर्यंत डावीकडे कलूनच बसत.

दादाचा राग काही गेलेला नाही. परवाच एक गिऱ्हाईक त्याला चोर म्हणालं. त्याचा हात आपसूक कमरेवर गेला. तिथे काहीच नव्हतं. मग त्याने नुसती पँट वर ओढली आणि म्हणाला, "बसा. चहा सांगतो."