देवीच्या तसबिरीमागे

मुलाचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होतो.

"बाबा, गाडी बंद पडली. अंबरनाथच्या पुढे, रस्त्यातच."

सकाळी तो सर्व्हिसिंगला नेतो म्हणून माझी जुनी पिकअप घेऊन निघाला होता. आमच्या बदलापूर गावात चार पावलांवर गॅरेज असताना सर्व्हिसिंगला थेट उल्हासनगर कशाला, हे मी विचारलं नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं.

उमेदीची सगळी वर्षं मी ही गाडी चालवली. उल्हासनगरच्या बाजारातून पलंग, कपाटं, सोफे भरायचे आणि बदलापुरात नव्या इमारती उठत होत्या तिथे पोचवायचे. इथल्या कुळगावातली कितीतरी कपाटं माझ्या शिव्या ऐकत जिने चढली आहेत. पुढे गुडघे गेले, क्लच दाबवेना, आणि गाडी कागदांसकट मुलाच्या हाती आली. त्याची कंपनीत नोकरी. सुट्टीच्या दिवशी तो तिला एक चक्कर मारून आणायचा, तीही माझं तोंड बंद राहावं म्हणून. बाकी आठवडाभर ती दारात उभी आणि मी तिच्याकडे बघत ओट्यावर.

"झटके देत गेली की एका दमात?" मी विचारलं.

"एका दमात. स्पीड ब्रेकरवरून उतरली आणि गप्प."

"सेल्फ मारतो?"

"मारतो, पण गाडी उचलत नाही. इथे एक मेकॅनिक आलाय. त्याने फिल्टर बदलला, एअर काढली. आता म्हणतो पंप खोलायला लागेल."

मागून मेकॅनिकचा आवाज आला, "चाचा, पंप ही गया है. पुराना माल है."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. डिझेल कमी पडलं की गाडी आधी कुंथते, झटके देते, मग मरते. फुंकर मारून दिवा विझवावा तशी ती फक्त करंट गेल्यावर जाते.

"पंपाला हात लावायचा नाही," मी ओरडलो. "तू चावी ऑन कर आणि त्याला पंपाजवळ कान लावायला सांग. टक् असा आवाज येतो का?"

थोडा वेळ नुसती रहदारी ऐकू आली.

"नाही येत, बाबा."

म्हणजे पंपाला करंट मिळत नव्हता. आमच्या गाडीत करंट आला की पंपातली झडप टक्कन उघडते आणि डिझेल पुढे जातं. करंट तुटला की झडप मिटते आणि इंजिन जागच्या जागी बंद. आणि ही वायर मध्येच कुठे वळवली आहे, हे फक्त मला माहीत होतं.

त्याचं असं झालं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचला एकदा माझ्या गाडीशेजारी उभा असलेला टेम्पो भरदिवसा चोरीला गेला. त्यानंतर मी चोर स्विच बसवून घेतला. म्हणजे छुपं बटण. ते बंद असलं की चावी असूनही गाडी सुरू होत नाही. लोक ते सीटखाली बसवतात आणि चोर पहिला हात तिथेच घालतो. मी डॅशबोर्डवरच्या एकवीरा देवीच्या तसबिरीमागे बसवलं. देवीमागे हात घालायची चोराचीसुद्धा छाती होणार नाही, असा माझा हिशोब. रोज सकाळी अगरबत्ती लावायची, तसबिरीला हात लावायचा, बोट हळूच मागे न्यायचं आणि मग चावी फिरवायची. बाजारातले सिंधी शेठ लोक म्हणायचे, "साईं, बडा भगत आदमी है." मीही भक्तासारखी मान डोलवायचो.

गाडी मुलाच्या हाती दिली तेव्हा स्विच चालूच ठेवला आणि त्याला काही सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. बाकी सगळं तर दिलंच होतं, एवढं एक माझ्याकडे राहावंसं वाटलं.

"केबिनमधलं काही हलवलंस का?" मी विचारलं.

"म्हणजे?" तो म्हणाला.

"अरे, विचारतोय मी. काही काढलंस?"

"देवीची तसबीर काढली, बाबा. सकाळी."

आमच्यात गाडीतला देव पुसायलासुद्धा काढत नाहीत. दसऱ्याला गाडी धुतात तेव्हाही तो जागेवरच असतो. त्याला एकदाच उतरवतात, गाडी दुसऱ्याला द्यायची असते तेव्हा. आपला देव परक्याच्या हाती जाऊ द्यायचा नाही, हे मुलाला मीच शिकवलं होतं. तसबीर ओढताना मागची वायर ढिली झाली असणार आणि स्पीड ब्रेकरवर निसटली असणार. गाडी का बंद पडली आणि कुठे निघाली होती, दोन्ही एकदमच कळलं.

आता "मेकॅनिक म्हणतो ते खरं असेल" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पंप गेलेली जुनी गाडी कोण घेणार? संध्याकाळी ती दोरी बांधून माझ्या दारात परत आली असती. बंद का होईना, दारात असती. हे मला सुचलं आणि आवडलंही. पण पलीकडे मुलगा उन्हात उभा होता, मागून हॉर्न वाजत होते, आणि त्याच्या श्वासावरून कळत होतं की तो घाबरलाय. गाडी बंद पडली म्हणून नाही. मला घाबरलाय.

"तसबीर होती तिथे एक भोक आहे," मी म्हणालो. "बोट घाल. आत छोटा स्विच आहे. त्याची वायर निघाली असेल, ती परत खोच."

खुडबुड ऐकू आली. मग सेल्फ. मग ती उचलली, नेहमीसारखी आधी खोकून. मी फोन कानाशी घट्ट धरला.

"झाली, बाबा," मुलगा म्हणाला. "बाबा, मी तुम्हाला..."

"घेणाऱ्याला तो स्विच दाखव," मी म्हणालो. "नाहीतर त्याचाही असाच खोळंबा होईल."

आणि फोन ठेवला.

त्याने आधी सांगितलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, जेवणावर राग काढला असता, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण राग उतरल्यावर मीही निघालो असतो. मला गाडीत त्याच्या बाजूच्या सीटवर बसून एकदा कॅम्प पाचपर्यंत जायचं होतं, एवढंच. हे फोनवरही म्हणता आलं असतं. गाडी उभी होती, अंबरनाथ काही लांब नाही. "थांब, रिक्षाने येतो" इतके तीन शब्द. ते तोंडातून निघाले नाहीत. त्याचं वाईट मला गाडी गेल्यापेक्षा जास्त वाटतं.

संध्याकाळी तो तसबीर टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून घरी आला. आम्ही दोघांनी मिळून ती ओट्यावरच्या भिंतीला लावली.

आता सकाळी मी तिथेच अगरबत्ती लावतो. तसबिरीला हात लावतो. बोट सवयीने मागे जातं आणि भिंतीला लागतं.