माझी माळ आणि तिची एकादशी

बहात्तरच्या दुष्काळात मी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि गावाला नकोसा झालो. कीर्तनाला आलेल्या बुवांनी माळ घालताना तीन गोष्टी सांगितल्या होत्या: खोटं बोलायचं नाही, मटण खायचं नाही, एकादशी मोडायची नाही. पहिलीच्या बाबतीत मी सोयीनं वागायचो. दुसरीचा प्रश्नच नव्हता. त्या वर्षी कोंबडीलाच दाणा मिळेना, तर मला कोंबडी कुठली मिळणार? राहिली एकादशी. तिच्यावर मी असा तुटून पडलो की विचारू नका. त्या दिवशी कुणी भाकरी खाताना दिसला की चोवीस वर्षांचा हा शहाणा त्याला उभं करून धर्म शिकवायचा.

आमचं गाव काष्टीच्या अंगाला. पेराच झाला नव्हता, त्यामुळं सगळा गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचा. आम्ही नवरा-बायकोही जायचो. चार महिन्यांच्या पोरीची झोळी बाभळीला बांधायची आणि कामाला लागायचं.

नुसती माझी एकादशी मला कशी पुरणार? बायकोलाही धरायला लावली. वर पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. घरात उपवासाला मूठभर भगर आणि ओंजळभर शेंगदाणे, म्हणजे एका माणसापुरतं. तो एक माणूस कोण, हे सांगायला नको. "मला भूकच न्हाई," ती म्हणायची, आणि मी वाटी पुसून खायचो. कामावर गव्हाच्या पिठाची गोड सुकडी वाटायचे. एकादशीला धान्य चालत नाही, म्हणून दोघांचीही मी परत करायचो. आणि गुपचूप नाही, पार टोकाच्या माणसाला ऐकू जाईल अशी.

बायकोच्या शेजारी गावातल्या पिंजाऱ्याची म्हातारी बसायची. तिचे रोजे चालू होते. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि त्याबद्दल एक शब्दही नाही. वाट्याची सुकडी ती संध्याकाळसाठी पदराला बांधून ठेवायची.

अशाच एका एकादशीला पोरगी रडायची थांबेना. बायकोनं पाजायला घेतली की दोन घोट ओढायची, तोंड सोडायची आणि पुन्हा टाहो फोडायची.

"दिष्ट लागली आसंल," मी जाणत्यासारखं म्हणालो. "घरी गेल्यावर मीठ-मोहरी उतरून टाक."

म्हातारीनं हातोडी खाली ठेवली. "दिष्ट न्हाई, म्हाराज. दूध न्हाई. काय खाल्लंय हिनं आज?"

"आज एकादशी हाय, चाची."

"आमच्यात अंगावर पाजणारीला रोजा माफ हाय," ती म्हणाली. "रमजानचा रोजा, तरी माफ. हिला उपाशी ठिवायचं तुमच्या देवानं सांगितलं, का तुमीच?"

मला असा राग आला म्हणता. पण खरं तर बुवांनी माझ्या बायकोचं नावसुद्धा काढलं नव्हतं. शपथ मी घातली होती, घरात, माझ्या अकलेनं.

म्हातारीनं पदराची गाठ सोडली आणि सुकडी बायकोच्या ओटीत ठेवली. बायको हात लावेना. "पोरीची शपथ हाय," ती म्हणाली. "तिला काय झालं मंजी?"

"काय होत न्हाई. खा तू," मी म्हणालो. "मीच घातली, मीच सोडवतो."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "मग तुमी खावा आदी."

ज्यांना ज्यांना मी धर्म शिकवला होता, ते सगळे हातोड्या थांबवून बघत होते. मी चिमूटभर सुकडी उचलली आणि तोंडात टाकली. मागं कुणीतरी फिसकन हसलं. गळ्यातली माळ तोडून खिशात घालावी इतकी लाज वाटली.

मग ती खायला लागली. मान वर नाही, पोरीकडं लक्ष नाही, माझ्याकडं तर नाहीच. लुगड्यावर सांडलेली भुकटी बोटानं टिपून खाल्ली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तिला असं खाताना मी कधी बघितलंच नव्हतं.

सगळं संपल्यावर ती हळूच म्हणाली, "चाची, आजून हाय का?"

म्हातारीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मोकळा पदर खांद्यावर टाकला. तिला रोजा सोडायला जवळ तेवढंच होतं.